दागिने ठेवून सर्टिफिकेटं घ्यावीत का?

नाव-गाव छापू नका, अशी विनंती असल्याने ते वगळून पत्र थोडक्यात देते.

«ताई, सा. न. मी गुहागर तालुक्यातली. गेल्या वर्षी बी.एस्सी. आयटी झाले, सेकंड क्लासमध्ये. सध्या चिपळूणला एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला जाते. विंडोज टाकणं, प्रिंटर लावणं, पतसंस्थेत जाऊन लॅनच्या वायरी क्रिंप करणं, म्हणजे टोकांना प्लग बसवणं, टॅली चालत नसेल तर बघणं, ही कामं. पगार ९ हजार, त्यातले बरेचसे एसटीच्या पासात आणि डब्यात जातात. मला सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे ऑफिसातले सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणारी, व्हायचंय. पुण्याच्या एका क्लासवाल्यांनी फोनवर सांगितलं की ए प्लस, नेटवर्क प्लस, सीसीएनए, लिनक्स आणि क्लाउड असं सहा महिन्यांचं पॅकेज १ लाख ५५ हजारांत आहे आणि शंभर टक्के प्लेसमेंट आहे. बाबा म्हणतात, आंब्याचे पैसे पुरणार नाहीत, आईचे दागिने ठेवून सोनेतारण कर्ज काढू. मुंबईचे काका म्हणतात, सर्टिफिकेटांना कोणी विचारत नाही, ओळख लागते. दुकानाचे मालक म्हणतात, हार्डवेअर शीक, बाकी सगळं नेटवर फुकट आहे. मी कोणाचं ऐकू? आणि माझं इंग्रजी कच्चं आहे. ह्या परीक्षा मराठीतून असतात का?»

पोरी, आधी घाईचं सांगते. दागिने ठेवू नका. बाबा बँकेत जायच्या आधी हे उत्तर त्यांना वाचून दाखव. सर्टिफिकेटं निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यातलं एक तू जरूर करावंस असं मला मनापासून वाटतं, आणि ते कुठलं तेही पुढे सांगते. पण सहा महिन्यांत पाच, ही मांडणी विकायला सोयीची आहे. त्यात शिकायला वेळच ठेवलेला नाही.

पॅकेज जरा सोडवून बघू. ए प्लस ही कॉम्पटिया नावाच्या संस्थेची परीक्षा. तिचे दोन पेपर असतात, दोन्ही पास व्हावे लागतात आणि दोन्हींची फी वेगवेगळी भरावी लागते. विषय काय, तर रॅम, एसएसडी, प्रिंटर, वायफाय, विंडोजच्या सेटिंग, व्हायरस काढणं, वैतागलेल्या ग्राहकाशी नीट बोलणं. म्हणजे तू दुकानात रोज करतेस तेच, शिस्तीत मांडलेलं. अमेरिकेत हेल्पडेस्कच्या पहिल्या नोकरीसाठी ही परीक्षा बरेच जण देतात. आपल्याकडच्या भरतीत ए प्लसमुळे कोणाचं काम झालं, असं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. तिचा अभ्यासक्रम मात्र संस्थेच्या वेबसाइटवरून फुकट उतरवता येतो. तो प्रिंट काढून घे, जे येत नाही त्यावर खूण कर, आणि दुकानात तसला बिघाड आला की मालकांना सांग, हा मी बघते. परीक्षेची फी वाचव.

नेटवर्क प्लस आणि सीसीएनए ह्या दोन्हींचे पैसे एकाच माणसाकडून घेणं मला पटत नाही. सीसीएनए ही सिस्को ह्या नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची परीक्षा. एकच पेपर, १२० मिनिटांचा, फी ३०० डॉलर आणि वर कर. नेटवर्क प्लसमधला पाया तिच्यात बराचसा येतोच, शिवाय राउटर आणि स्विच प्रत्यक्ष कसे लावायचे, व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी जाळी, कशी पाडायची, ओएसपीएफने राउटर आपसात वाटा कशा ठरवतात, हे सगळं येतं. जिने सीसीएनए केलंय तिला नेटवर्क प्लस आहे का, असं कोणी विचारत नाही. क्लाउड म्हणजे नेमकी कुठली परीक्षा, ते त्यांनी सांगितलंय का? बहुतेक वेळा ती मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० किंवा ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर असते. दोन्ही ओळखीपुरत्या परीक्षा आहेत. एझेड-९०० चा पूर्ण अभ्यास मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवर फुकट आहे. आणि क्लासच्या पत्रकात कुठे एमसीएसए किंवा एमसीएसई लिहिलेलं दिसलं, तर ते पत्रक खाली ठेव. मायक्रोसॉफ्टने त्या दोन्ही जानेवारी २०२१ मध्ये बंद केल्या.

आता एक गोष्ट नीट समजून घे, कारण इथेच आपल्याकडची मुलं फसतात. क्लास पूर्ण केल्यावर क्लासचा शिक्का असलेला जो कागद मिळतो तो वेगळा, आणि सिस्को किंवा लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीची परीक्षा पास झाल्यावर त्या कंपनीकडून मिळतं ते सर्टिफिकेट वेगळं. दुसऱ्याला एक क्रमांक असतो, तो टाकून नोकरी देणारा माणूस ते खरं आहे की नाही हे स्वतः तपासू शकतो. पहिल्याची किंमत त्या क्लासच्या भिंतीबाहेर जवळजवळ शून्य आहे. १ लाख ५५ हजारांत परीक्षांची फी धरलेली आहे का, हे तू विचारलं नसशील असं तुझ्या पत्रावरून वाटतं. फोन करून विचार. उत्तर गोलमोल आलं तर तेच उत्तर समज.

काका म्हणतात ते अर्धं खरं आहे. मी बऱ्याच मुलाखतींच्या टेबलाच्या पलीकडे बसले आहे. तिथे उमेदवार समोर आल्यावर सर्टिफिकेट पाचव्या मिनिटाला विसरलं जातं. पण समोर येण्याआधी ते तीन ठिकाणी काम करतं. एक, मोठ्या कंपनीत अर्जांचा ढीग एचआरकडे पडतो. तिथल्या माणसाला लिनक्स (विंडोजसारखीच, पण सर्व्हरवर जास्त चालणारी प्रणाली) कळत नसतं, तो शब्द शोधतो. सेकंड क्लास आणि तालुक्याच्या गावचा पत्ता असलेला बायोडेटा त्या ढिगातून वर यायला असा एखादा शब्द लागतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण असंच चालतं. दोन, सिस्को, रेड हॅट, मायक्रोसॉफ्ट यांचं सामान विकणाऱ्या आणि बसवून देणाऱ्या ज्या भागीदार कंपन्या असतात, त्यांना आपला दर्जा टिकवायला सर्टिफाइड माणसं पगारावर दाखवावी लागतात. सरकारी टेंडरांतही अनेकदा अशा इंजिनिअरांची यादी जोडावी लागते. तिथे तुझ्या कागदाला रोख किंमत आहे. तीन, आणि हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, परीक्षेची तारीख ठरली की घरी बसून शिकणाऱ्या मुलीला वेळापत्रक मिळतं. कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं हे कळतं.

जे काम सर्टिफिकेट करत नाही तेही ऐक. त्याच्या जोरावर पहिल्याच दिवशी कोणी सर्व्हरचा रूट, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड तुझ्या हातात देणार नाही. पहिली नोकरी डेस्कटॉप सपोर्टची, हेल्पडेस्कची किंवा एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या कक्षात, पडद्यासमोर बसून लाल दिवे बघायची असेल, बहुधा शिफ्टची. पुढची वर्ष-दोन वर्षं तू कशी वागतेस, रात्री दोन वाजता न घाबरता काय करतेस, ह्यावर सिस्टिम ॲडमिनचं काम मिळतं. रात्रपाळीबद्दल घरी आत्ताच मोकळेपणाने बोलून ठेव. नोकरी मिळाल्यावर हा वाद घरात सुरू झाला की हातातली संधी जाते, हे मी पाहिलंय. मुलाखतीत कंपनी रात्रीची ने-आण करते का, हे तू स्वतः विचारायचंस. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मुलाखतीत काय विचारतात? एक नेहमीचा प्रश्न सांगते. युजरचा फोन आलाय की नेट बंद आहे. तू त्याच्या मशीनवरून ८.८.८.८ ह्या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग केलंस, म्हणजे हाक मारून पाहिलीस, उत्तर येतंय. वेबसाइट मात्र उघडत नाही. काय झालं असेल? पाठांतर करून आलेली मुलं इथे नेटवर्कच्या ओएसआय नमुन्याचे सात थर म्हणून दाखवतात. काम केलेली मुलगी म्हणते, वायर आणि राउटर ठीक आहेत, नावाचा पत्ता लागत नाहीये, नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस कुठला लावलाय ते मी बघेन. मग पुढचा प्रश्न येतो, आणि तो फक्त दुसरीला विचारला जातो. तू पतसंस्थेत असा बिघाड नक्की काढला असशील, फक्त त्याला काय म्हणतात हे तुला माहीत नसेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जी परीक्षा हाताने काम करायला लावते, ती एकच दे. ती म्हणजे रेड हॅटची लिनक्सवरची आरएचसीएसए, कोड ईएक्स२००. तिच्यात चार पर्यायांतून एक निवडायचा प्रकारच नाही. तुला चालू मशीन देतात आणि तीन तास देतात. युजर तयार कर, ह्या गटाला ह्या फोल्डरवर एवढेच हक्क दे, डिस्कचा नवा भाग पाडून एलव्हीएमवर (डिस्कची जागा हवी तशी वाटणाऱ्या सोयीवर) चढव, फायरवॉलमध्ये अमुक सेवेला वाट दे, रूटचा पासवर्ड हरवलाय तो बदलून आत शीर. ३०० पैकी २१० गुण लागतात. इंटरनेट नसतं, पण मशीनमधली मॅन पानं, म्हणजे आज्ञांची माहितीपानं, उघडायची मुभा असते. आणि मशीन रीस्टार्ट झाल्यावरही तू केलेलं काम टिकलं पाहिजे, नाहीतर गुण नाहीत. ही शेवटची अट मला फार आवडते, कारण नोकरीतही अगदी हेच हवं असतं. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. तोवर तू नोकरीत स्थिरावली असशील, पुढचं कुठलं करायचं ते तेव्हा ठरव.

लिनक्सपेक्षा वायरी, स्विच आणि राउटर ह्यांतच तुझं मन जास्त रमत असेल, तर आरएचसीएसएच्या जागी सीसीएनए कर. क्रिंपिंगपासून सुरुवात झालेल्या मुलीला तो रस्ता अनोळखी नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, त्यात दहा राउटरांचं जाळं पडद्यावर उभं करता येतं. तिथे सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे पत्ते गटांत वाटणं, बोटांवर यायला लागतं. /२६ म्हटलं की ६४ पत्ते, त्यांतले मशीनांना देण्याजोगे ६२, हे विचार न करता ओठांवर आलं पाहिजे. पण दोन्ही एकदम नको. आधी एक, मग नोकरी, मग वाटलं तर दुसरं. लिनक्सचीच पण जरा वेगळी अशी एलपीआय ह्या संस्थेची एलपीआयसी-१ ही परीक्षाही आहे, दोन पेपरांची, पाच वर्षं चालणारी. ती चांगली आहे, तरी आपल्याकडच्या जाहिरातींत रेड हॅटचं नाव जास्त दिसतं आणि तुला एकाच फीत काम भागवायचंय.

विंडोजचं काय, असं मनात येईल. आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे सगळे युजर आणि मशीन एका जागेवरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सोय, असतेच, म्हणून ते यायलाच हवं. विंडोज सर्व्हरची चाचणीसाठीची प्रत मायक्रोसॉफ्ट १८० दिवस फुकट वापरू देतं. त्यात एक डोमेन उभं कर, दोन मशीन जोड, सगळ्या मशीनांना एकच नियम लावणारी ग्रुप पॉलिसी लावून बघ. परीक्षा नको, काम यावं.

आता अभ्यास कसा करायचा. इथे तुझे मालक म्हणतात ते बरचसं खरं आहे, सामान फुकट आहे. फक्त फुकट असलेल्या ढिगातून कुठलं आधी उचलायचं हे कोणीतरी सांगावं लागतं. दुकानात कोपऱ्यात पडलेला एखादा जुना डेस्कटॉप मालकांकडून माग, पगारातून थोडे कापून घ्या म्हण. त्यात ८ जीबी रॅम आणि साधी एसएसडी घाल. एका मशीनच्या आत अनेक मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात दोन-तीन लिनक्स मशीन चालव. रेड हॅट स्वतः शिकणाऱ्यांना वैयक्तिक नोंदणीवर १६ मशीनपर्यंत आपलं लिनक्स फुकट वापरू देतं. ते जमलं नाही तर अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स घे, दोन्ही जवळपास तेच आहे. सेंटओएस ७ ह्या जुन्या लिनक्सवरचे व्हिडिओ आणि नोट्स अजून खूप फिरतात. त्या आवृत्तीचा आधार, म्हणजे सुधारणा मिळणं, ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे त्यांच्या नादी लागू नकोस. परीक्षा सध्या कुठल्या आवृत्तीवर आहे ते रेड हॅटच्या पानावर पाहून तीच घे. आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून आहेत, तेही फुकट. पहिला महिना तिथेच घालव. डोक्यात गोष्ट मराठीत बसली की इंग्रजी पुस्तक अर्धं सोपं होतं.

मग मशीन मुद्दाम बिघडव. सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये डिस्कची एक ओळ चुकीची लिही आणि रीस्टार्ट कर. मशीन अर्ध्यात अडकून इमर्जन्सी मोडमध्ये जाईल. पहिल्यांदा पोटात गोळा येईल. तिथून बाहेर यायला शीक, कुठेही न बघता जमेपर्यंत शीक. वेब सर्व्हर लावून पानं नेहमीच्या जागेऐवजी दुसऱ्याच फोल्डरमध्ये ठेव. फाइलचे हक्क बरोबर असूनही पान उघडणार नाही, कारण एसई-लिनक्स हा लिनक्समधला जादा पहारेकरी अडवतो. नेटवर दहातले आठ जण सांगतील, एसई-लिनक्स बंद कर. बंद करू नकोस. लॉग वाच, त्या फोल्डरला योग्य लेबल लाव, पान उघडलेलं बघ. हे एक प्रकरण तू मुलाखतीत नीट सांगू शकलीस तर समोरचा खुर्चीत सावरून बसेल. बाजारात विकत मिळणारे डंप, म्हणजे फुटलेल्या प्रश्नांचे गठ्ठे, यांच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नकोस. पकडलं गेलं तर कंपन्या सर्टिफिकेट काढून घेतात आणि पुढच्या परीक्षांनाही बंदी घालतात. आणि तसा पास झालेला माणूस कामाच्या पहिल्या आठवड्यात ओळखू येतो.

आपल्या भागात राहण्याचा ह्या अभ्यासात एक फायदा आहे, तो मुंबई-पुण्याच्या मुलांना नाही. इथे यंत्रं खरोखर बंद पडतात. वळवाच्या पावसात वीज चमकली की राउटर जळतात, अर्थिंग नसलेल्या ऑफिसात सगळ्यात आधी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं किती काळ अंधारात होती, ते तुला माहीत आहे. आणि २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर तर तू काम करतेस त्याच बाजारपेठेत शिरला होता. त्या पुरात ज्यांचा बॅकअप कॉम्प्युटरशेजारच्याच खणातल्या पेन ड्राइव्हवर होता, त्यांचा हिशोब आणि बॅकअप दोन्ही एकाच पाण्याखाली गेले. सिस्टिम ॲडमिनच्या कामाचं मर्म मला विचारशील तर ते इथे आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर थांबायचं नाही, तो परत चढवून उघडतो का हे पाहायचं.

हे तू आत्ताच करू शकतेस. मालकांशी बोल, त्यांचे जे दोन-तीन ग्राहक टॅलीवर आहेत, त्यांचा रोजचा बॅकअप आपोआप होईल आणि एक प्रत बाहेर जाईल अशी सोय त्यांच्या लेखी परवानगीने करून दे. दर महिन्याला एकदा तो डेटा दुसऱ्या मशीनवर उघडून दाखव. दुकानाला त्यातून वार्षिक करार मिळेल, तुला पगारवाढ मागायला कारण मिळेल, आणि बायोडेटात लिहायला जी ओळ मिळेल ती दीड लाखाच्या पॅकेजमध्ये विकत मिळत नाही. सहकारी बँका, पतसंस्था, हॉस्पिटलं, कॉलेजं, लोट्याची एमआयडीसी, जयगडचं बंदर, काजू आणि मासळीचे कारखाने, इथल्या कोणत्याही ठिकाणी सर्व्हर सांभाळणारं माणूस लागतंच. तिथे लहान जागांवर सर्टिफिकेट क्वचितच विचारतात. बंद पडल्यावर येशील ना, एवढं विचारतात. पगार मात्र मुंबई-पुण्यापेक्षा कमी असतो आणि शिकवणारा वरिष्ठ सहसा नसतो. म्हणून दोन-तीन वर्षं बाहेर जाऊन शीक, असंच मी सांगेन. परत यायचं की नाही ते नंतर ठरव.

काकांच्या ओळखीचाही उपयोग करून घे. अनेक कंपन्यांत कामावर असलेल्या माणसाने नाव सुचवलं की अर्ज थेट पुढे जातो. त्यांना सांग, काका, नोकरी लावा म्हणत नाही, आयटीत असलेल्या कोणाशी अर्धा तास बोलायला द्या. मुलाखतींच्या दिवसांत त्यांच्याकडे राहायची सोय झाली तर तीही मोठी मदत आहे.

तरीही क्लास लावावासा वाटला तर एकाच विषयाचा लाव, आणि पैसे भरण्याआधी पुण्याला एकदा स्वतः जाऊन ये. चालू बॅचमध्ये तासभर मागे बसू द्या म्हण. मुलांच्या हातात मशीन आहे की फक्त फळा आणि स्लाइड, ते बघ. शंभर टक्के प्लेसमेंट लिहून द्या म्हण, कुठल्या कामासाठी, किमान किती पगार, नोकरी लागली नाही तर फी परत किती आणि कधी. मागच्या बॅचच्या मुलांचे नंबर माग आणि त्यांना क्लासबाहेर गाठून बोल. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायची नाही, बाँड असो वा नसो. आणि हप्त्यांची सोय आहे असं म्हणून तिथेच मोबाइलवर कुठल्यातरी फायनान्स कंपनीचा अर्ज भरून घेऊ लागले, तर उठून ये. ते कर्ज तुझ्या नावावर असतं. क्लास आवडला नाही म्हणून तू सोडलास तरी हप्ते थांबत नाहीत.

पैशांचा अंदाज बाबांना असा दे. परीक्षेची एक फी, रॅम आणि एसएसडी, एखादं पुस्तक आणि परीक्षेला जाण्या-येण्याचा खर्च. एवढं आंब्याच्या पैशांतून आणि तुझ्या पगारातून निघेल, दागिने कपाटातच राहतील. परीक्षा भरायची घाई करू नकोस. पावसाळ्यात संध्याकाळी दोन तास आणि सुटीच्या दिवशी जास्त, असा सराव केलास तर जानेवारी-फेब्रुवारीत बसण्याइतकी तयारी व्हायला हरकत नाही. घरून परीक्षा देण्याची सोय आहे, पण ती तू घेऊ नयेस. रेड हॅटच्या घरगुती परीक्षेला त्यांची फाइल उतरवून आपणच तयार केलेल्या यूएसबीवरून मशीन सुरू करावं लागतं, कॅमेरा सतत लागतो, लाइन मध्येच तुटली तर मनस्ताप. गुहागरच्या विजेच्या भरवशावर एवढी फी लावायची नाही. मुंबई-पुण्यातल्या केंद्रावर जा, आदल्या दिवशी पोच.

राहिलं इंग्रजी. नाही, ह्या परीक्षा मराठीतून नसतात, आणि मॅन पानंही इंग्रजीतच आहेत. पण हे इंग्रजी बोलण्या-मिरवण्याचं नाही. तेच दीड-दोनशे शब्द फिरून फिरून येतात, परमिशन, माउंट, डिनाइड, पर्सिस्टंट, असे. रोज एक मॅन पान वाचलंस तर दोन-तीन महिन्यांत भीती जाईल. मुलाखतीसाठी वेगळी तयारी आजपासून कर. दुकानात काढलेल्या प्रत्येक बिघाडाबद्दल एका वहीत इंग्रजीत चार ओळी लिही: ग्राहक काय म्हणाला, मला काय दिसलं, मी काय केलं, त्यानंतर काय झालं. व्याकरण चुकू दे. आठवड्याला एक नोंद मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. मोठ्या कंपनीत हेल्पडेस्कवर प्रत्येक तक्रारीची नोंद ह्याच चार ओळींत लिहावी लागते. परीक्षा भरायच्या आधी त्यातल्या दहाएक नोंदी मला पाठव, मी वाचून कळवीन.